विष्ठेत रक्त दिसल्यावर: पिल्लांतला कॉक्सिडिओसिस ओळखणे आणि त्यावरचे उपचार

प्रश्न असा आहे: गादीवर, म्हणजे तूस-भुशाच्या थरावर, वाढवलेली चार आठवड्यांची शंभर पिल्ले. दोन दिवसांपासून काही पिल्ले पिसे फुगवून कोपऱ्यात बसतात, आज सकाळी गादीवर रक्ताची विष्ठा दिसली आणि तीन पिल्ले मेली. औषध कोणते द्यायचे, घरात पडून असलेले अँटिबायोटिक चालेल का, आणि सगळी गादी काढून टाकायची का?

आधी थेट उत्तर देतो, कारण इथे अर्धा दिवसही महाग पडतो. वय, लक्षणे आणि रक्त पाहता हा बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण आहे. आजच सगळ्या पिल्लांच्या पाण्यात अँप्रोलियम सुरू करा, नुसत्या आजारी पिल्लांच्या नव्हे. औषधाशिवायचे पाणी आत कुठेही राहू देऊ नका. ओली, चिकट झालेली गादी आजच काढा, सगळी नको. मेलेल्या पिल्लांपैकी सगळ्यात ताजे पिल्लू पशुवैद्यकाकडे न्या किंवा स्वतः उघडून पाहा. अँटिबायोटिक बाजूला ठेवा. आणि अशक्तपणा आला म्हणून लोक हमखास देतात ते बी-कॉम्प्लेक्स तर अजिबात देऊ नका. कारणे आणि प्रमाणे खाली आहेत.

रक्त दिसते तेव्हा पाच दिवस उलटलेले असतात

रोग करणारा जीव म्हणजे आयमेरिया, एकपेशीय परजीवी. कोंबडीत याच्या सात जाती मानतात आणि प्रत्येक जात आतड्याचा आपला ठरावीक भाग धरते. पिल्लांत रक्त पाडणारी मुख्य जात म्हणजे आयमेरिया टेनेला. लहान आतड्याच्या शेवटी सीकम नावाच्या दोन आंधळ्या पिशव्या असतात, तिथे ती बसते.

विष्ठेतून या परजीवीचे कवच असलेले बीज, ऊसिस्ट, बाहेर पडते. पडल्या पडल्या ते निरुपद्रवी असते. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पक्व होते आणि आत आठ स्पोरोझॉइट, म्हणजे संसर्ग करणारे जीव, तयार होतात. पिल्लू गादी उकरते, टोचते, ऊसिस्ट पोटात जाते, पेषणीत कवच फुटते आणि आतले जीव आतड्याच्या अस्तराच्या पेशींत शिरतात. तिथे वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात, पुन्हा नव्या पेशींत शिरतात. टेनेलाची दुसरी पिढी अस्तरात खोलवर वाढते. ती फुटते तेव्हा रक्तवाहिन्याही फुटतात, आणि हे घडते संसर्गाच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास.

यातून तीन गोष्टी निघतात. आज रक्त पडणाऱ्या पिल्लांचे नुकसान होऊन गेले आहे, औषधाने फाटलेले अस्तर शिवले जात नाही, त्यामुळे औषध सुरू केल्यावरही पुढचे दोन दिवस मरतूक होऊ शकते. औषध मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जी आज ठणठणीत दिसतात पण दोन-तीन दिवसांपूर्वी संसर्ग घेऊन बसली आहेत. अँप्रोलियम परजीवीच्या पहिल्या पिढीवर सगळ्यात जास्त चालते, म्हणून "आजारी निवडून वेगळी काढली आणि त्यांनाच औषध दिले" ही पद्धत नेमकी उलटी पडते. आणि तिसरे, अंड्यातून निघालेले पिल्लू या रोगापासून मोकळे असते. गादीवर आल्यावर संसर्ग व्हायला आणि आतड्यात वाढायला जवळपास आठवडा जातो. त्यामुळे पाच-सात दिवसांच्या पिल्लांत रक्त दिसले तर कॉक्सिडिओसिस सोडून दुसरे कारण आधी शोधा. याचे नेहमीचे वय तीन ते सहा आठवडे. नेकाट्रिक्स नावाची जात मात्र बहुधा दोन महिन्यांनंतरच्या तलंगांत, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांत, त्रास देते.

रक्ताच्या आधी काय दिसते

पहिली खूण खाद्यात दिसते: भांडे संध्याकाळी नेहमीपेक्षा भरलेले राहते. मग दोन-चार पिल्ले पंख पाडून, मान आत ओढून, डोळे अर्धवट मिटून बसतात. हात फिरवला तरी उठत नाहीत, उठली तर दोन पावले टाकून पुन्हा बसतात. ब्रूडरचे (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाचे) तापमान बरोबर असूनही एकमेकांना चिकटून राहतात. विष्ठा पातळ होते, कडेला पाण्याचे वर्तुळ दिसते, कधी नारिंगी शेंबडासारखा पदार्थ येतो. टेनेलात पुढे ताजे लाल किंवा गडद रक्त येते आणि तुरा व पाय पांढुरके पडतात.

सगळ्याच जाती रक्त पाडत नाहीत, हे मात्र विसरू नका. अॅसर्व्हुलिना ही वरच्या आतड्यात बसणारी जात रक्त न दाखवता वजन खाते. पिल्ले मरत नाहीत, पण सारख्या वयाच्या पिल्लांत लहान-मोठी तफावत वाढत जाते, पायांचा पिवळेपणा उतरतो आणि खाद्य फुकट जाते. रक्त नाही म्हणून कॉक्सिडिओसिस नाही, असे म्हणता येत नाही.

उलट बाजूने फसवणारे दोन प्रकार आहेत. दर आठ-दहा विष्ठांमागे एक विष्ठा सीकममधून येते. ती चॉकलेटी, चिकट, घाण वासाची असते आणि ती पूर्णपणे निरोगी असते. तसेच अधूनमधून विष्ठेत तांबूस-नारिंगी, पातळ सालीसारखे तुकडे दिसतात. ते आतड्याचे झडलेले अस्तर असते. पिल्ले चपळ असतील, खात असतील, तर असे एखाददुसरे डाग पाहून औषध सुरू करू नका. शंका असल्यास एक पांढरा कागद रात्री पिल्लांखाली अंथरा. सकाळी किती विष्ठा रक्ताच्या, किती नुसत्या पातळ, हे मोजता येते. गादीत हे कळत नाही.

पिल्लू उघडून पाहणे

अंदाजाने आठवडा घालवण्यापेक्षा हे काम पाच मिनिटांचे आहे. पण मरून दोन तासांपेक्षा जास्त वेळ झालेले पिल्लू निरुपयोगी. आतडे फार लवकर कुजते, अस्तर आपोआप सुटते आणि निरोगी आतडेही रोगी वाटते. हातमोजे आणि मास्क घाला. एकदम पुष्कळ पक्षी मेले असतील, डोकी सुजली असतील, तुरे निळे-जांभळे पडले असतील तर काहीही उघडू नका, थेट पशुसंवर्धन खात्याला कळवा.

पिल्लू पाठीवर ठेवून पोटाची कातडी आणि छातीचे हाड वर उचला. आतड्याची गुंडाळी बाहेर काढा. शेवटच्या भागाला जोडलेल्या, करंगळीएवढ्या दोन पिशव्या म्हणजे सीकम. निरोगी पिल्लात त्या तपकिरी-हिरवट आणि मऊ असतात. टेनेलात त्या फुगून गडद लाल, जवळपास काळ्या सॉसेजसारख्या दिसतात. कात्रीने उभ्या कापल्या की आत सुटे रक्त किंवा रक्ताची गाठ मिळते. दोन दिवस जुना आजार असेल तर रक्ताऐवजी घट्ट, पनीरसारखा लालसर-पांढरा गाभा निघतो आणि पिशवीची भिंत जाड झालेली असते. यांपैकी काहीही दोन्ही सीकममध्ये दिसले तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

सीकम ठीक असेल तर वरचे आतडे बाहेरूनच पाहा. जठराजवळच्या वळणावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पांढऱ्या रेघा असतील तर अॅसर्व्हुलिना. मधला भाग फुग्यासारखा फुगून त्यावर पांढरे आणि लाल ठिपके मिसळलेले दिसले, मीठ-मिरी शिंपडल्यासारखे, तर नेकाट्रिक्स. तोच भाग सैल, आत नारिंगी शेंबूड, तर मॅक्सिमा. दोन-तीन जाती एकत्र असणे नेहमीचेच. प्रयोगशाळेत लेशन स्कोअर, म्हणजे आतड्यावरच्या जखमांचा गुण, ० ते ४ असा देतात, ० म्हणजे काही नाही आणि ४ म्हणजे सगळ्यात गंभीर.

विष्ठा तपासणीचाही उपयोग होतो: संपृक्त मिठाच्या पाण्यात विष्ठा कालवून वर तरंगलेल्या थेंबात ऊसिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पण हा अहवाल वाचताना दोन्हीकडे सांभाळा. निरोगी कळपातही थोडी ऊसिस्ट निघतात, तेवढ्यावर उपचार ठरत नाही. उलट टेनेला पिल्लाला इतक्या लवकर मारते की ऊसिस्ट तयार व्हायच्या आधीच ते मरते. म्हणून विष्ठेत काही सापडले नाही आणि सीकम रक्ताने भरलेले आहे, तर सीकमचे ऐका. नमुना न्यायचा असेल तर आठ-दहा ताज्या विष्ठा एकत्र, बंद डबीत, थंड ठेवून न्या, गोठवू नका.

याच वयात गोंधळ घालणारे इतर रोगही आहेत. गंबोरो या विषाणूच्या रोगात पिल्ले तशीच बसतात आणि पांढरी पातळ हगवण लागते. उघडल्यावर गुदद्वाराच्या वरची बर्सा (प्रतिकारशक्तीची गाठ) सुजलेली आणि मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे फटकारे दिसतात. गंबोरो होऊन गेलेल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती खालावते आणि कॉक्सिडिओसिस त्यांना जास्त झोंबतो, म्हणून दोन्ही एकत्र दिसले तर नवल वाटू देऊ नका. हिस्टोमोनियासिस या दुसऱ्या एकपेशीय परजीवीच्या रोगात सीकममध्ये तसाच घट्ट गाभा असतो, पण यकृतावर खोलगट गोल डाग असतात आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी असते. साल्मोनेलाची पांढरी हगवण बहुधा त्याहून लहान पिल्लांत, गुदद्वाराला खळ चिकटलेली. आणि नेक्रोटिक एंटरायटिस हा तर कॉक्सिडिओसिसच्या पाठोपाठ येतो: जखमी अस्तरावर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू वाढतो, आतडे गॅसने फुगते, आतून खरबरीत, जाड टॉवेलसारखा थर दिसतो आणि घाण वास येतो. घरातल्या अँटिबायोटिकला जर काही जागा असेल तर ती इथे, आणि तीसुद्धा पशुवैद्यकाने पाहिल्यावर. आयमेरियावर एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिनचा परिणाम होत नाही.

औषध किती आणि कसे

आजारी पिल्लू खाणे आधी सोडते, पिणे नंतर. म्हणून औषध पाण्यातूनच, खाद्यातून नव्हे.

अँप्रोलियमचे तीव्र प्रादुर्भावातले प्रमाण पाण्यात ०.०२४ टक्के, म्हणजे लिटरमागे २४० मिलिग्रॅम शुद्ध औषध, ३ ते ५ दिवस. त्यानंतर ०.००६ टक्के, लिटरमागे ६० मिलिग्रॅम, आणखी ७ ते १४ दिवस. आजार सौम्य असेल आणि लवकर सापडला असेल तर सुरुवात ०.०१२ टक्क्याने करतात. तुमच्याकडे रक्त आणि मरतूक दोन्ही आहे, त्यामुळे ०.०२४.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण पाकिटावरचा आकडा शुद्ध औषधाचा नसतो. २० टक्के पावडर असेल तर २४० मिलिग्रॅमसाठी लिटरला १.२ ग्रॅम लागते आणि पुढच्या टप्प्यात ०.३ ग्रॅम. ९.६ टक्के द्रावण असेल तर लिटरला २.५ मिली आणि नंतर साधारण ०.६ मिली. चमच्याने मोजू नका. बारीक पावडर चमच्यात दाबली गेली तर दीडपट भरते, सैल राहिली तर निम्मी. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा वापरा.

पाणी किती करायचे? पिल्ले काल किती पाणी प्यायली ते पाहा. समजा शंभर पिल्लांनी ८ लिटर संपवले. आज तेवढेच करा, दोन भागांत: सकाळी ४ लिटर पाण्यात ४.८ ग्रॅम २० टक्के पावडर, संध्याकाळी तसेच. पावडर आधी पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून मग मोठ्या भांड्यात ओता. द्रावण रोज नवे करा, काल उरलेले फेकून द्या. निपल लाइन असेल तर लाइन रिकामी करून भरा, नाहीतर पहिल्या तासाला पिल्ले साधे पाणीच पितात. भांडी चिकट झाली असतील तर आधी घासून घ्या.

पाण्याशी येतच नाहीत अशी पिल्ले वेगळ्या उबदार पेटीत ठेवा, नेहमीपेक्षा दोन-तीन अंश जास्त ऊब द्या आणि तेच औषधी पाणी ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडा. एक थेंब गिळल्यावर दुसरा. घाईने घशात ओतले तर पाणी श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू तुमच्या हातातच गुदमरते.

बी-कॉम्प्लेक्स का नाही? अँप्रोलियमची रचना थायमिनसारखी, म्हणजे बी-१ सारखी असते. परजीवी थायमिन समजून तेच उचलतो आणि उपाशी मरतो. तुम्ही वरून बी-१ दिले की परजीवीला खरे थायमिन मिळते आणि औषध वाया जाते. म्हणून उपचाराच्या काळात मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरचे घटक वाचा. साधे इलेक्ट्रोलाइट चालते. व्हिटॅमिन ए आणि के देता येतात, अस्तर भरायला आणि रक्त गोठायला त्यांची मदत होते. याच कारणाने अँप्रोलियम जास्त दिवस किंवा दुप्पट-तिप्पट देऊ नये. पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे पाहू लागले तर ती बी-१ च्या कमतरतेची खूण, तेव्हा औषध थांबवून बी-१ द्यावे लागते.

दुसरा पर्याय टोल्ट्राझुरिल. ते आयमेरियाच्या आतड्यातल्या सगळ्या अवस्थांवर चालते, म्हणून उशिरा सापडलेल्या, जोरात पसरणाऱ्या प्रादुर्भावात ते अँप्रोलियमपेक्षा सरस. मात्रा किलो वजनाला ७ मिलिग्रॅम, सलग २ दिवस. ३०० ग्रॅमची शंभर पिल्ले म्हणजे ३० किलो, त्यांना रोज २१० मिलिग्रॅम, म्हणजे २.५ टक्के द्रावणाचे ८.४ मिली. हे दिवसभराच्या पाण्यात साधारण लिटरला १ मिली बसते. पाण्यात आम्लता वाढवणारे काही, व्हिनेगरसुद्धा, त्याच वेळी टाकू नका, औषध तळाशी बसते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना हे देत नाहीत आणि मांसासाठीचा थांबण्याचा काळ लेबलवर दिलेला असतो, तो पाळा.

सल्फा औषधे अजूनही वापरात आहेत, बहुधा ३ दिवस औषध, २ दिवस साधे पाणी, पुन्हा ३ दिवस औषध अशी. माझे मत विचाराल तर रक्त पडत असताना सल्फाक्विनॉक्सॅलिन ही पहिली पसंती नसावी. ते व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणते, म्हणजे आधीच रक्त पडत असलेल्या पिल्लात रक्तस्राव वाढू शकतो, आणि पाणी कमी पिणाऱ्या पिल्लाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. लसूण, व्हिनेगर, दूध यांनी आयमेरिया मरत नाही. दुधाने तर हगवण वाढते.

औषध लागू पडते का हे मरतुकीवर नव्हे, नव्या रुग्णांवर ठरवा. रोज सकाळी पांढऱ्या कागदावरच्या रक्ताच्या विष्ठा मोजा आणि पाण्याचा खप लिहा. तिसऱ्या दिवसापर्यंत नवी रक्ताची विष्ठा कमी होऊन पाणी वाढले पाहिजे. चौथ्या दिवशीही नवी पिल्ले बसत असतील तर आधी प्रमाण, मग दुसरे पाणी कुठून मिळते का, मग गादी, आणि हे सगळे बरोबर असेल तर निदान किंवा औषध बदलण्यासाठी पशुवैद्यक. अँप्रोलियम टेनेला आणि नेकाट्रिक्सवर चांगले आहे, बाकी जातींवर कमी भरवशाचे. म्हणून उघडून पाहिलेल्या पिल्लाची नोंद इथे कामाला येते.

गादी

ऊसिस्ट पक्व व्हायला ओल लागते, हे वर आलेच. तुमच्या शेडमध्ये ती ओल जवळपास नेहमी एकाच जागी असते: पाण्याच्या भांड्याभोवतीचे हातभर वर्तुळ. आज तेवढाच भाग आणि जिथे गादी पापुद्र्यासारखी घट्ट झाली असेल तो भाग उचला, तिथे सुके तूस किंवा लाकडाचा भुसा ५ सेंटिमीटर टाका, बाकीची गादी रोज एकदा खालीवर करा. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आणा, म्हणजे ती पाण्यात पाय घालणार नाहीत आणि सांडणारही नाहीत. मूठभर गादी दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली आहे, हलकेच विस्कटला तर ठीक.

पूर्ण गादी काढायचा आग्रह धरू नका. थकलेल्या पिल्लांना त्याचा ताण होतो, धूळ उडते, आणि उरलेला थोडा संसर्ग पुढे प्रतिकारशक्ती तयार करतो. दुसऱ्या टप्प्यातले कमी प्रमाणाचे अँप्रोलियमही याच हिशोबाने असते. काढलेली गादी शेडपासून दूर ढीग करून झाका. ढीग आतून नीट तापला तर ऊसिस्ट मरतात. मेलेली पिल्ले खोल पुरा किंवा जाळा. त्या शेडची चप्पल दुसऱ्या शेडमध्ये नेऊ नका.

फिनाईल, ब्लीच, नेहमीची जंतुनाशके ऊसिस्टच्या कवचापुढे चालत नाहीत. शेड रिकामे झाल्यावर उकळते पाणी, ज्वालेची बंदूक, कडक ऊन आणि पूर्ण कोरडे होऊ देणे यांचा उपयोग होतो. १० टक्के अमोनिया हे ऊसिस्ट मारणाऱ्या मोजक्या रसायनांपैकी एक आहे. पण ते रिकाम्या शेडमध्येच वापरा, मास्क लावून, आणि ब्लीचबरोबर कधीही नको, विषारी वायू तयार होतो.

पुढच्या बॅचसाठी

दोन मार्ग आहेत आणि एका बॅचला एकच निवडायचा. पहिला, कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे हा रोग रोखणारे औषध, मिसळलेले खाद्य: अँप्रोलियम १२५ पीपीएम, किंवा मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखे आयनोफोर. आयनोफोर खाद्य घोडा-गाढवाच्या तोंडाला लागू देऊ नका, त्यांना ते जीवघेणे ठरते. आणि मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन खाद्यात असताना श्वसनाच्या आजारासाठी टायम्युलिन हे अँटिबायोटिक दिले तर कोंबड्यांनाच विषबाधा होते. त्यामुळे खाद्याची पिशवी फेकण्याआधी तिच्यावरचे लेबल जपून ठेवा. दुसरा मार्ग लसीचा. लस म्हणजे जिवंत ऊसिस्ट, पहिल्या दिवसांत फवारून किंवा पाजून दिलेली. लस दिलेल्या पिल्लांना कॉक्सिडिओस्टॅट असलेले खाद्य घातले की लसच मरते. या पिल्लांच्या गादीत पहिले तीन आठवडे किंचित ओल राहू द्यावी लागते, म्हणजे लसीतली ऊसिस्ट बाहेर पडून पक्व होतात, पुन्हा पोटात जातात आणि प्रतिकारशक्ती पक्की होते. अशा पिल्लांत तिसऱ्या आठवड्यात दोन-चार पातळ विष्ठा दिसल्या आणि पिल्ले खात-पीत असतील, तर अँप्रोलियमला हात लावू नका.